सायकलवरून चिखलदरा

(सायकल ही आपल्या रोजच्या वापरातली वस्तू. याच सायकलवर बसून डोंगर चढता येतो. मात्र त्यासाठी पायांतल्या जोराबरोबर थोडे गणित, थोडे विज्ञान आणि बरीच सावधगिरी लागते. या पाठात लेखकाने वलगाव ते चिखलदरा या वाटेच्या आधारे डोंगरातील सायकल प्रवासाची माहिती दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी बरेच जण सायकलने शाळेत येतात. कुणी दळणाचा डबा मागे बांधून चक्कीवर जातो, कुणी धाकट्या बहिणीला दांडीवर बसवून मदरशात सोडतो. गावातल्या गावात फिरताना सायकलचा आपण फारसा विचार करत नाही. पण समजा, एक दिवस तुम्ही वलगावहून उत्तरेकडे निघालात आणि थांबलाच नाहीत, तर कुठे पोहोचाल?

हिवाळ्यात सकाळी हवा स्वच्छ असेल, तर उत्तरेला क्षितिजावर एक निळी रेघ दिसते. ते गाविलगडचे डोंगर आहेत. सातपुडा पर्वताचाच तो एक भाग आहे. त्या डोंगरांवर 1118 मीटर उंचीवर चिखलदरा वसले आहे. वलगावहून परतवाडा सुमारे 40 किलोमीटर आणि परतवाड्याहून चिखलदरा सुमारे 30 किलोमीटर. एसटीने गेलात तर खिडकीशी बसून डुलकी घेता घेता पोहोचाल. सायकलने गेलात तर या वाटेचा प्रत्येक मीटर तुमच्या पायांना समजेल.

मी दहावीत असताना आम्ही तीन मित्र असेच निघालो होतो. त्या प्रवासात आम्ही तीन चुका केल्या. त्या चुकांमुळेच आज तुमच्यासाठी हा पाठ लिहीत आहे.

पहिली मजल : मैदान

वलगाव पेढी नदीच्या काठी आहे. संत गाडगेबाबांचे निधन 20 डिसेंबर 1956 रोजी येथेच, वलगावजवळ पेढीच्या काठी झाले. हातात खराटा घेऊन गावोगाव पायी हिंडणाऱ्या या महापुरुषाने लोकांना स्वच्छता शिकवली. प्रवासाला निघताना त्यांची आठवण ठेवावी आणि आपला कचरा आपल्याच पिशवीत परत आणावा. कुरकुऱ्यांची रिकामी पाकिटे जंगलात टाकण्यासाठी आपण डोंगरावर जात नाही.

वलगावच्या पुढे जमीन सपाट आहे. काळी माती, दोन्ही बाजूंना कापूस, तूर आणि सोयाबीन. आसेगावला पूर्णा नदी लागते. पूर्णेच्या खोऱ्यात अनेक ठिकाणी जमिनीखालचे पाणी खारे आहे. या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. म्हणून पिण्याचे पाणी घरूनच भरून घ्यावे. परतवाडा जवळ आले, की संत्र्यांच्या बागा दिसू लागतात.

या रस्त्यावर ट्रक, ट्रॅक्टर आणि एसटी यांची वर्दळ असते. येथे शेजारी शेजारी गप्पा मारत सायकल चालवू नये. एकामागे एक, रस्त्याच्या डाव्या कडेने जावे.

आमची पहिली चूक याच मजलेत झाली. सकाळी घरून चहा-पावावर निघालो आणि आपण किती जोरात जातो, हे एकमेकांना दाखवत सुटलो. कुणाला भूक लागली नाही, तहानही लागली नाही. परतवाड्याला माझ्या मामूजानच्या दारात पोहोचलो, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी ओट्यावरच आडवा झालो. मामूजानने आधी गुळाचा खडा हातावर ठेवला, मग पाणी दिले, आणि त्यानंतर रागावले.

असे का होते? आपल्या शरीरातली साखर हे स्नायूंचे इंधन आहे. सतत मेहनत केली, की काही तासांत तिचा साठा कमी होतो. भूक जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो. फ्रान्समध्ये पॉल द विव्ही नावाचे एक गृहस्थ होऊन गेले (1853-1930). ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने ते सायकल प्रवासावर लिहीत. भूक लागण्याआधी खावे आणि तहान लागण्याआधी प्यावे, असे ते सायकलस्वारांना सांगत. हा नियम वऱ्हाडाच्या उन्हातही तितकाच खरा आहे. दर अर्ध्या तासाने चार घोट पाणी आणि दर तासाने केळी, खजूर, गूळ-शेंगदाणे यांपैकी काहीतरी खावे. पाण्यात चिमूटभर मीठ व थोडी साखर घातली, तर घामातून गेलेले क्षार भरून निघतात.

दुसरी मजल : घाट

परतवाड्याहून धामणगाव गढीला गेले, की डोंगर समोर उभा राहतो. तो भिंतीसारखा अचानक उभा का राहतो? फार प्राचीन काळी येथे जमिनीला मोठा तडा गेला. त्याला भूवैज्ञानिक गाविलगड प्रस्तरभंग म्हणतात. तड्याच्या दक्षिणेचा भाग खाली राहिला, तेथे पूर्णेचे मैदान तयार झाले. उत्तरेचा भाग वर राहिला, तो डोंगर झाला. म्हणून वऱ्हाडच्या बाजूने चढणाऱ्याला टेकड्यांची तयारी न मिळता एकदम घाटच लागतो.

आता थोडे गणित करू. अचलपूर-परतवाड्याची उंची सुमारे 370 मीटर आहे आणि चिखलदऱ्याची 1118 मीटर. म्हणजे जवळजवळ 750 मीटर वर जायचे आहे. समजा, यातले 700 मीटर 20 किलोमीटरच्या घाटात चढायचे आहेत. मग दर 100 मीटर अंतराला सरासरी साडेतीन मीटर चढ आला. काही वळणांवर तो जास्त, तर काही ठिकाणी कमी असतो. घाटाचा रस्ता वळणे वळणे घेत का जातो, हे आता तुमच्या लक्षात येईल. वळणे घेतल्यामुळे रस्त्याची लांबी वाढते आणि चढ सौम्य होतो.

साधी काळी सायकल घ्या. समजा, तिच्या पुढच्या दातेरी चाकाला 44 दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला 18 दाते आहेत. पॅडल एकदा पूर्ण फिरवले, की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल सुमारे 5 मीटर 40 सेंटिमीटर पुढे जाते. साडेतीन टक्के चढावर याचा अर्थ असा, की पॅडलच्या प्रत्येक फेरीत तुम्ही स्वतःला आणि सायकलला 19 सेंटिमीटर वर उचलता. ही जिन्याच्या एका पायरीची उंची झाली. सायकल खांद्यावर घेऊन हजारो पायऱ्या चढायच्या, असेच हे काम आहे.

गिअरची सायकल येथे मदतीला येते. पुढे 28 आणि मागेही 28 दाते असलेला गिअर लावला, तर पॅडलच्या एका फेरीत चाकही एकदाच फिरते. मग एका फेरीत सात-आठ सेंटिमीटरच वर जावे लागते. पायरी लहान झाली, पण पायऱ्या वाढल्या. एकूण काम तेवढेच राहते. गिअर आपली मेहनत वाचवत नाही. एका वेळी किती मेहनत करायची, ते आपल्याला ठरवू देतो.

आज ही गोष्ट साधी वाटते, पण शंभर वर्षांपूर्वी तिच्यावरून मोठा वाद होता. व्हेलोसिओ गिअरचे कट्टर समर्थक होते. त्यांच्या सेंत-एत्येन शहराजवळ 1161 मीटर उंचीची एक खिंड आहे. म्हणजे आपल्या चिखलदऱ्याहून ती केवळ 43 मीटर उंच आहे. त्या चढावर गिअरचा उपयोग ते लोकांना दाखवून देत. ईस्टरच्या सुटीत ते दक्षिणेकडे, भूमध्य समुद्राजवळच्या प्रोव्हान्स प्रांतात सायकलने जात. उलट, गिअर हे दुबळ्यांचे साधन आहे, असे शर्यतींच्या आयोजकांना वाटे. ‘टूर द फ्रान्स’ ही प्रसिद्ध शर्यत 1903 साली सुरू झाली, पण चालता चालता गिअर बदलणाऱ्या सायकलींना तिच्यात 1937 साली परवानगी मिळाली.

तुमच्याकडे गिअरची सायकल नसेल तर? तर जेथे दम लागेल तेथे उतरावे आणि सायकल हाती धरून चालावे. यात लाज कसली? आमची दुसरी चूक हीच होती. ‘जो उतरेल तो हरला’ अशी पैज आम्ही लावली होती. पहिल्या तीन वळणांतच तिघेही धापा टाकत दगडांवर बसलो. पैज मोडल्यावर मात्र चालत, थांबत, मजल दरमजल करत वर पोहोचलो.

हा ‘मजल’ शब्द तुम्हाला ओळखीचा वाटला असेल. तुमच्या उर्दूतला ‘मंजिल’ मराठीत येऊन ‘मजल’ झाला. ‘मुक्काम’, ‘किल्ला’, ‘हवा’, ‘जमीन’ हे शब्दही असेच प्रवास करत मराठीत आले आणि इथलेच झाले.

शांत रस्त्याची ओळख

भूमध्य समुद्राच्या काठच्या डोंगराळ प्रदेशात सायकल प्रवासाला जगभरातून लोक जातात. कॉर्सिका बेटावर समुद्रकाठापासून डोंगर सुरू होतात आणि 2706 मीटरपर्यंत उंच जातात. तेथील गावांना जोडणाऱ्या लहान रस्त्यांवर मोटारी कमी असतात. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा, कडक असतो. म्हणून प्रवासी वसंतात किंवा शरदात जातात.

आपल्याकडे पावसाचे वेळापत्रक उलटे आहे. पावसाळ्यात चिखलदरा हिरवेगार असते, पण धुके दाट असते, रस्ता निसरडा असतो आणि सुटीच्या दिवशी मोटारींची रीघ लागते. उन्हाळ्यात खालच्या मैदानात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. त्यातही सुटीचा वार टाळला, तर घाट शांत मिळतो.

रस्ता शांत असला, की कान जागे होतात. सागाच्या वाळक्या पानांची सळसळ ऐकू येते. वानरांचा इशारा ऐकू येतो. दरीतून गुरांच्या घंटांचा नाद येतो. मोटारीतल्या माणसाला हे काही मिळत नाही. पण हा शांतपणा आपल्या मालकीचा नाही. हा मेळघाटचा प्रदेश आहे. 1974 साली येथे व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी तो एक आहे. वाघ, बिबट्या, अस्वल आणि रानगवा यांचे हे घर आहे. म्हणून सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठावा, मुख्य रस्ता सोडून आडवाटेने जाऊ नये आणि वनखात्याचे कर्मचारी सांगतील ते ऐकावे.

वर पोहोचल्यावर पाहण्यासारखे पुष्कळ आहे. महाराष्ट्रात कॉफी पिकवणारे ठिकाण म्हणून चिखलदऱ्याची ख्याती आहे. जवळच गाविलगडचा किल्ला आहे. पंधराव्या शतकात बहमनी राजवटीत त्याची तटबंदी उभी राहिली आणि पुढे तो वऱ्हाडच्या इमादशाहीचा आधार बनला. 15 डिसेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्ली या इंग्रज सेनापतीने तो जिंकला. किल्ल्यावर फारसी शिलालेख आहेत. त्यांची लिपी तुमच्या ओळखीची आहे. मित्रांना दोन अक्षरे वाचून दाखवा.

तिसरी मजल : उतार

चढ अवघड आणि उतार सोपा, असे सर्वांना वाटते. खरे तर चढ दमवतो आणि उतार घात करतो. याचे कारण विज्ञानाच्या तासाला तुम्ही शिकला आहात.

समजा, तुमचे आणि सायकलचे मिळून वस्तुमान 70 किलोग्रॅम आहे. ते 700 मीटर वर नेण्यासाठी सुमारे 4,80,000 जूल कार्य करावे लागते. हे कार्य वाया जात नाही. ते स्थितिज ऊर्जा म्हणून तुमच्याजवळ साठते. उतरताना ती सगळी ऊर्जा परत मिळते. हवेचा, टायरचा आणि ब्रेकचा विरोध नसता, तर घाटाच्या पायथ्याशी तुमचा वेग ताशी 420 किलोमीटर झाला असता! तसे होत नाही, कारण काही ऊर्जा हवा घेते आणि बरीचशी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. या एकूण ऊर्जेने जवळजवळ दीड लिटर थंड पाणी उकळीला येईल. आता विचार करा. यातला मोठा वाटा ब्रेकच्या बोटभर रबरांना सोसावा लागतो.

आमची तिसरी चूक येथे झाली. सायकली भाड्याच्या होत्या. निघताना आम्ही हवा पाहिली, घंटी वाजवून पाहिली, ब्रेक पाहिले नाहीत. माझ्या एका मित्राच्या सायकलचा पुढचा ब्रेक लागतच नव्हता. मैदानात मागच्या ब्रेकवर भागले, म्हणून त्याने ते सांगितलेही नाही. उतरताना वाऱ्यासारखे जाण्याचा मोह आम्हा तिघांनाही झाला. घाटात ‘अति घाई संकटात नेई’ अशी पाटी होती. ती आम्ही मोठ्याने वाचली आणि हसलो. पुढच्या वळणावर मित्राच्या मागच्या ब्रेकचे झिजलेले रबर निखळले. तो सरळ नाल्यात गेला.

मी पोहोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता, पण त्याचा डावा हात कोपराजवळ वाकडा झाला होता. आम्हाला काही सुचेना. तेवढ्यात गुरे राखणारे एक कोरकू आजोबा खाली उतरून आले. त्यांची कोरकू भाषा आम्हाला येत नव्हती आणि आमची उर्दू त्यांना. आजोबा मोडक्या मराठीत म्हणाले, “हात हलवू नको, बेटा.” आम्हीही घाबरलेल्या, मोडक्या मराठीतच सांगितले, काय झाले ते. त्यांनी दोन सरळ काड्या तोडल्या, डोक्याचा फेटा फाडून हात त्यांना बांधला आणि रस्त्यात उभे राहून एसटी थांबवली. मराठीच्या तासाला मागच्या बाकावर बसणारा मी, त्या दिवशी त्या भाषेचे महत्त्व समजलो. ती आजोबांच्या घरची नव्हती, आमच्याही घरची नव्हती. तरीही तिच्यामुळेच आम्ही एकमेकांपर्यंत पोहोचलो.

मित्राचा हात जुळला, पण आजही तो पूर्ण सरळ होत नाही.

म्हणून उताराचे नियम पाठ करा. निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक तपासा आणि झिजलेली रबरे बदला. उतारावर दोन्ही ब्रेक वापरा. पुढचा ब्रेक अधिक परिणामकारक असतो, पण तो एकदम दाबला तर मागचे चाक उचलले जाऊन माणूस पुढे फेकला जातो. म्हणून हलकेच दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा. शरीराचा भार मागे ठेवावा. वेग वळणावर नव्हे, वळणाच्या आधी कमी करावा. अधूनमधून थांबून चाकांच्या कडा थंड होऊ द्याव्यात. रस्ता ओला असेल तर ब्रेक उशिरा लागतात, हे लक्षात ठेवावे. डोक्यावर हेल्मेट हवेच.

निघण्यापूर्वी

साध्या सायकलने मैदानात ताशी 12 ते 15 किलोमीटर वेग मिळतो. म्हणजे परतवाड्यापर्यंत साधारण तीन तास आणि विश्रांतीचा वेळ वेगळा. घाटात ताशी पाच किलोमीटर धरले, तर 20 किलोमीटरला चार तास लागतील. म्हणून पहिला मुक्काम परतवाड्याला करावा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे घाट चढावा. सोबत पंक्चरचे सामान, पंप, पाना, मलमपट्टी आणि एक गरम कपडा असावा. घरच्यांची परवानगी आणि बरोबर एखादे जाणते मोठे माणूस असल्याशिवाय निघू नये. मुलींनो, हा पाठ तुमच्यासाठीही आहे. घाट पॅडल मारणाऱ्याला मुलगा की मुलगी असे विचारत नाही.

1923 साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांच्यापैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे 71,000 किलोमीटरचा प्रवास पुरा करून 1928 साली परतले. त्यांच्या सायकली तुमच्या सायकलींपेक्षा काही भारी नव्हत्या. तुम्हाला जग फिरायला सांगत नाही. आधी ती निळी रेघ गाठा.

माझा तो मित्र आज स्वतः बाप आहे. रोज सकाळी मुलगा शाळेला निघाला, की तो अंगणात येतो, आपल्या वाकड्या हाताने मुलाच्या सायकलचे दोन्ही ब्रेक दाबून पाहतो आणि मगच म्हणतो, “जा आता.”

शब्दार्थ

मजल – प्रवासाचा टप्पा
क्षितिज – जेथे आकाश जमिनीला टेकल्यासारखे दिसते ती रेषा
वर्दळ – ये-जा, गर्दी
तटबंदी – किल्ल्याभोवतीची भिंत
सौम्य – कमी तीव्र
निखळणे – सुटून पडणे
घात करणे – मोठे नुकसान करणे

स्वाध्याय

1. लेखकाने व त्याच्या मित्रांनी कोणत्या तीन चुका केल्या?
2. घाटातील रस्ता वळणे घेत का जातो?
3. ‘गिअर आपली मेहनत वाचवत नाही’ असे लेखक का म्हणतो?
4. चढापेक्षा उतार धोक्याचा का असतो, ते सकारण लिहा.
5. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे दहा शब्द लिहा.
6. आपल्या सायकलचे पुढचे व मागचे दाते मोजा. पॅडलच्या एका फेरीत मागचे चाक किती वेळा फिरते, ते काढा.